क्लाउड स्टोरेजचे ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट हे तीन प्रकार आले कुठून?

क्लाउड स्टोरेज शिकायला घेतलं की पहिल्याच धड्यात ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट हे तीन प्रकार भेटतात. बहुतेक जण ते पाठ करून पुढे जातात, मग ऑब्जेक्ट स्टोरेज डिस्कसारखं वापरायला बघतात आणि अडतात. हे प्रकार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींमधून आले आहेत. त्या अडचणी समजल्या की कुठे काय वापरायचं ते पाठ करावं लागत नाही.

ब्लॉक सर्वांत जुना. १९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क दिली, २४ इंची ५० तबकड्यांची, ५० लाख अक्षरं मावणारी. डिस्कला फाइल कळत नाही, ती फक्त ठरावीक आकाराचे ब्लॉक लिहिते आणि वाचते. नावं, फोल्डर, परवानग्या हे सगळं वरची फाइल सिस्टिम सांभाळते. एका यंत्रावरचे फोल्डर नेटवर्कवरून इतरांना वापरता यावेत म्हणून १९८४ मध्ये सन कंपनीने एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) तयार केली. आजच्या क्लाउडमधलं फाइल स्टोरेज याच वळणाचं आहे.

खरा बदल वेबच्या आकारमानाने घडवला. हजारो साध्या डिस्क एकत्र चालवल्या की त्यांतली एखादी कायम बिघडलेलीच असते. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात बिघाड हाच नेहमीचा प्रकार मानला होता. फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या, अशी ती रचना.

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने एस३ ही साठवणसेवा खुली केली आणि ऑब्जेक्ट स्टोरेज सर्वांच्या हाती आलं. इथे ना डिस्क जोडायची, ना फॉरमॅट करायची. बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या डब्यात, एका कीखाली (पूर्ण नावाखाली) ऑब्जेक्ट, म्हणजे अख्खी फाइल, ठेवायचा आणि एचटीटीपीने, म्हणजे वेबपानासारखा, मागायचा. नेहमीच्या बकेटमध्ये ऑब्जेक्ट जागच्या जागी थोडासा बदलता येत नाही, पूर्ण नव्याने लिहावा लागतो. फोल्डरही खरे नसतात, तिरकी रेघ (/) हा कीचाच भाग असतो. त्यामुळे एक लाख ऑब्जेक्ट असलेल्या ‘फोल्डर’चं नाव बदलायचं तर एक लाख वेळा कॉपी आणि तेवढ्याच जुन्या कीज डिलीट. डेटाबेस एस३वर का चालवत नाहीत, याचं उत्तर इथेच मिळतं. त्यासाठी २००८ मध्ये ईबीएस आली, म्हणजे सर्व्हरला जोडायची ब्लॉक डिस्क. तिच्या प्रती एकाच झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या एकाच गटात, असतात. एप्रिल २०११ मध्ये ॲमेझॉनच्या नेटवर्कमधला एक बदल चुकला, असंख्य डिस्क एकदम नव्या प्रतींसाठी जागा शोधू लागल्या आणि अडकून बसल्या. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेत राहा असं सांगतात ते यासाठीच, कारण स्नॅपशॉट एस३मध्ये जातो, एका झोनवर अवलंबून राहत नाही.

टिकाऊपणा (डेटा न गमावणं) आणि उपलब्धता (हवा तेव्हा मिळणं) यांतही गल्लत होते. एस३ ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी बांधलेली आहे, म्हणजे एक कोटी ऑब्जेक्ट ठेवले तर सरासरी १०,००० वर्षांत एक गमावण्याची शक्यता. तरीही २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात एक कमांड चुकीची दिली गेली आणि सेवा काही तास बंद पडली. डेटा सुरक्षित होता, फक्त मिळत नव्हता. शिवाय तुम्ही स्वतः डिलीट केलेलं हा टिकाऊपणा वाचवत नाही, त्यासाठी व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय, चालू करावं लागतं. मात्र जुन्या आवृत्त्यांचंही भाडं पडतं, हे विसरू नका.

जुने धडे वाचताना एक काळजी घ्या. ऑब्जेक्ट बदलल्यावर काही क्षण जुनाच मिळू शकतो, असं त्यांत लिहिलेलं असतं. एस३पुरतं ते डिसेंबर २०२० पर्यंत खरं होतं, आता लिहिलेलं लगेच वाचता येतं.

बिलात सर्वांत जास्त फसवतात ते साठवणीचे स्वस्त वर्ग. २०१२ मध्ये ग्लेशियर ही क्वचितच लागणाऱ्या डेटासाठीची ॲमेझॉनची स्वस्त साठवण आली, तेव्हा डेटा परत मिळायला ३ ते ५ तास लागायचे. २०१५ मध्ये एस३चा ‘इन्फ्रिक्वेंट ॲक्सेस’ (क्वचित वाचायच्या डेटासाठीचा) वर्ग आला. त्याचा साठवणदर नेहमीच्या वर्गाच्या जवळपास निम्मा, पण किमान ३० दिवसांचं भाडं पडतं आणि १२८ केबीपेक्षा लहान ऑब्जेक्टही १२८ केबीचा धरतात. १० केबीच्या दहा लाख लॉग फाइल थेट इथे टाकल्या, तर जेमतेम १० जीबी डेटासाठी १२८ जीबीचं भाडं बसतं, म्हणजे दर निम्मा असूनही बिल सहापट. लॉग आधी एकत्र करून मोठ्या फाइल बनवा, मगच हलवा.

अर्धवट अपलोडचंही तसंच. सुरुवातीला ऑब्जेक्टची मर्यादा ५ जीबी होती, ती २०१० मध्ये ५ टीबी झाली. मोठी फाइल तुकड्यांत चढवायची सोय त्याच सुमारास आली. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा आणि तुकडे जास्तीत जास्त १०,०००. अपलोड मध्येच तुटला की चढलेले तुकडे तिथेच राहतात, ऑब्जेक्टच्या यादीत दिसत नाहीत, पण भाडं चालू राहतं. नवी बकेट केली की अपुरे अपलोड ७ दिवसांनी रद्द करणारा लाइफसायकल नियम लगेच लावून टाका.