केळकर, नरसिंह चिंतामण
(२४ ऑगस्ट १८७२ – १४ ऑक्टोबर १९४७). काँग्रेसमधील टिळकांच्या राष्ट्रीय (जहाल) पक्षाचे राजकीय पुढारी, 'केसरी' व 'मराठा' या पत्रांचे संपादक, चरित्रकार, नाटककार, निबंधकार आणि साहित्यमीमांसक. महाराष्ट्रात ते 'तात्यासाहेब' या नावाने ओळखले जात. पुढे 'साहित्यसम्राट' हे बिरुदही त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

त्यांचे जन्मस्थान काही ठिकाणी मिरज असे दिलेले आढळते. तथापि आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब हे गाव अधिक ग्राह्य वाटते. बालपण व आरंभीचे शिक्षण मिरजेस झाल्यामुळे हा घोटाळा झाला असावा. कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ साताऱ्यास वकिली केली आणि १८९६ च्या सुमारास टिळकांच्या बोलावण्यावरून ते पुण्यास आले. पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला होऊन त्यांना तुरुंगवास घडला आणि दोन्ही पत्रांचा भार पंचविशीतल्या केळकरांवर येऊन पडला. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या खटल्यासंबंधीच्या 'मराठा'तील लेखनाबद्दल केळकरांनाही न्यायालयाच्या बेअदबीची शिक्षा भोगावी लागली. त्यानंतर 'केसरी' प्रथम कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांकडे होता व १९१० पासून तो केळकरांकडे आला. पत्र बंद पडू द्यावयाचे नाही आणि त्याचा स्वरही अगदी मवाळ होऊ द्यावयाचा नाही, अशी ही कसरत होती. टिळकांच्या लेखणीतील धार केळकरांच्या लेखणीला नव्हती, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. पण मंडालेच्या काळात 'केसरी' टिकला याचे पुष्कळसे श्रेय त्यांच्या सावध, कायद्याच्या चौकटीत बसणाऱ्या लेखनाला दिले पाहिजे.

१९१६ मध्ये बेळगाव येथे होमरूल लीग ही स्वराज्याची मागणी करणारी संघटना स्थापन झाली. तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा होते आणि चिटणीस केळकर. १९१९ मध्ये लीगच्या कामासाठी ते इंग्लंडला गेले व तेथे काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीच्या 'इंडिया' या साप्ताहिकाचे काम त्यांनी काही काळ पाहिले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

टिळकांच्या मृत्यूनंतरचे केळकरांचे राजकारण मुख्यत्वे एका शब्दप्रयोगाभोवती फिरते. तो शब्दप्रयोग म्हणजे 'प्रतियोगी सहकारिता'. १९१९ च्या डिसेंबरात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या कायद्याबरोबर बादशाही जाहीरनामा निघाला. त्या वेळी टिळक अमृतसर काँग्रेससाठी आगगाडीने निघाले होते. वाटेतूनच त्यांनी बादशहाला उद्देशून तार केली आणि तीत या सहकारितेचे आश्वासन दिले. मूळ इंग्रजी शब्दयोजना टिळकांची की बॅप्टिस्टांची, याविषयी एकवाक्यता नाही. ती बॅप्टिस्टांनी सुचविली आणि टिळकांनी पसंत केली, असे पुष्कळदा सांगितले जाते व ते संभवनीय आहे. शब्द कोणाचाही असला तरी त्यामागचे धोरण टिळकांनी आपले म्हणून स्वीकारले होते, याबद्दल शंका नाही. वाद आहे तो त्या धोरणाच्या अर्थाबद्दल.

गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे टिळकांचे जे अनुयायी पुढे गांधींकडे गेले, त्यांच्या दृष्टीने 'प्रतियोगी' हा शब्द निर्णायक होता: सरकार जसे वागेल तसे आपण वागावयाचे. पंजाबातील अत्याचारांची चौकशी ज्या रीतीने झाली आणि खिलाफतीच्या बाबतीत जे घडले, ते पाहता सरकारने सहकार्याचा हात स्वतःच झिडकारला होता. म्हणून टिळक हयात असते तर तेही असहकाराकडेच वळले असते, असे हा पक्ष मांडी. केळकरांचा पक्ष याच्या नेमका उलट होता. मिळाले ते पदरात घ्यावे, ते वापरून दाखवावे आणि उरलेल्यासाठी भांडावे, हे टिळकांचे जन्मभराचे सूत्र होते आणि तार हा त्याचाच एक आविष्कार होता, असे त्यांचे म्हणणे. या बाजूने सर्वांत बळकट पुरावा तारेचा नसून एप्रिल १९२० मध्ये टिळकांनी काढलेल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्याचा आहे. सुधारणा राबविण्याची आणि त्यासाठी निवडणुका लढविण्याची तयारी त्यात स्पष्टपणे दिसते. दुसरीकडे, असहकाराच्या चळवळीच्या आड आपण येणार नाही, अशी टिळकांची अखेरच्या काळातील वृत्ती असल्याचेही नमूद आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा मृत्यू झाला व प्रश्न अनुत्तरित राहिला. केळकरांचे विवेचन १९२० च्या उन्हाळ्यापर्यंतच्या टिळकांना अधिक जवळचे आहे, असे म्हणता येईल. मात्र त्या आधारावर केळकरांच्या प्रतिसहकार पक्षाच्या १९२६ च्या कार्यक्रमाला (त्याविषयी पुढे येईल) टिळकांची पूर्वसंमती होती असे धरणे पुराव्याच्या पलीकडचे ठरते.

असहकाराच्या लाटेत केळकर काँग्रेसमध्येच राहिले, पण त्रिविध बहिष्काराविषयीची (विधिमंडळे, न्यायालये व सरकारी शिक्षणसंस्था यांवरील बहिष्काराविषयीची) त्यांची नाराजी 'केसरी'तून लपत नसे. त्यामुळे महाराष्ट्रातील तरुण वर्ग त्यांच्यापासून दुरावला. खुद्द खाडिलकर 'केसरी' सोडून गांधींच्या बाजूने गेले. १९२३ मध्ये चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला तेव्हा केळकर त्यात सामील झाले आणि त्याच वर्षाअखेरच्या निवडणुकीत मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आले. तथापि पक्षाचे धोरण सरसकट अडवणुकीचे होते आणि केळकरांना ते पहिल्यापासून पुरतेपणी पटले नव्हते. १९२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. मोतीलालजींनी याचा कडक निषेध केला. केळकर, मुकुंदराव जयकर आणि बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी तांब्यांची बाजू उचलून धरली. या फुटीतून १९२६ च्या आरंभी प्रतिसहकार पक्ष, म्हणजे 'प्रतियोगी सहकारिते'चा पक्ष, उभा राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साबरमती येथे दोन्ही गटांत झालेला समझोता फार दिवस टिकला नाही. अधिकारपदे स्वीकारून आतून झगडण्याचे हेच तत्त्व १९३७ मध्ये काँग्रेसने मंत्रिमंडळे बनवून निराळ्या परिस्थितीत आचरणात आणले, ही गोष्ट केळकरांच्या टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

हिंदुमहासभेच्या जबलपूर (१९२८) व दिल्ली (१९३२) अधिवेशनांचे ते अध्यक्ष होते. १९३२ च्या तिसऱ्या गोलमेज परिषदेसही ते उपस्थित होते. त्यानंतर त्यांनी सक्रिय राजकारणातून हळूहळू अंग काढून घेतले.

केळकरांचे लेखन विपुल आहे आणि त्याची गुणवत्ता सर्वत्र सारखी नाही. 'तोतयाचे बंड' (१९१३) हे पानिपतानंतर उद्भवलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयावरील नाटक आणि 'कृष्णार्जुनयुद्ध' (१९१५) ही रंगभूमीवर गाजली. पेशवाईच्या अस्ताला शंभर वर्षे झाली त्या १९१८ साली 'मराठे व इंग्रज' हा ग्रंथ आला. तीन खंडांतील टिळकचरित्र (१९२३–२८) ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी मानावी लागते. निकटच्या सहकाऱ्याने लिहिलेले असूनही त्यात आंधळी भक्ती नाही. मात्र अखेरच्या वर्षांचे निवेदन वर सांगितलेल्या वादात एका बाजूचे आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. 'गतगोष्टी' (१९३९) हे आत्मचरित्र आहे.

साहित्यशास्त्रात त्यांचे नाव राहिले ते 'सविकल्प समाधी'च्या उपपत्तीमुळे. बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या (१९२१) अध्यक्षीय भाषणात त्यांनी ती मांडली. ललित वाङ्मय वाचताना वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. एकाच वेळी आपण आपण असणे आणि दुसरा कोणी होणे यात जो आनंद आहे तोच वाङ्मयाचा आनंद, असे तिचे सार सांगता येईल. शोकांत नाटकाने प्रेक्षक रडतो आणि तरीही सुखावतो, याचे स्पष्टीकरण तीत सहज सापडते: रडणारा पात्राशी एकरूप झालेला असतो, सुखावणारा आपल्या खुर्चीवर सुरक्षित असतो.

ही संज्ञा योगसूत्रांतून आली असे समजले जाते, पण ते काटेकोरपणे खरे नाही. पतंजलीची विभागणी संप्रज्ञात व असंप्रज्ञात अशी आहे. सविकल्प आणि निर्विकल्प समाधी ही जोडी 'वेदान्तसारा'सारख्या उत्तरकालीन वेदान्तग्रंथांतील आहे. तेथे सविकल्प समाधीत ज्ञाता, ज्ञान व ज्ञेय हा भेद राहूनही चित्त ब्रह्माकार होते. केळकरांनी त्यातला भेद टिकण्याचा अंश तेवढा उचलला. वेदान्तात ही अवस्था निर्विकल्पाच्या खालची पायरी आहे, तर केळकरांच्या मांडणीत तीच इष्ट ठरते, कारण पूर्ण तादात्म्य झाले तर आस्वाद घेणाराच उरत नाही. मूळ अर्थाशी ही फारकत असल्याने संज्ञा सदोष आहे, हा आक्षेप रास्त आहे. भट्टनायक व अभिनवगुप्त या संस्कृत साहित्यशास्त्रकारांच्या रससिद्धान्तातील साधारणीकरणाशी तिची तुलना अनेकदा केली जाते. परंतु साधारणीकरणात 'हे माझे' आणि 'हे दुसऱ्याचे' हे दोन्ही भाव गळून पडतात, तर येथे ते दोन्ही जागे असतात. म्हणून ही उपपत्ती रससिद्धान्ताची आवृत्ती नसून स्वतंत्र मानसशास्त्रीय निरीक्षण आहे, असे मानणे अधिक योग्य.

अखेरच्या वर्षांत ते 'सह्याद्री' या मासिकाचे संपादन करीत होते. स्वातंत्र्यानंतर दोन महिन्यांनी पुणे येथे त्यांचे निधन झाले.