गोव्याचे स्वयंपाकघर जमिनीवरून ओट्यावर कसे आले

फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूला स्वयंपाकघराचे काम काढले की मेस्ताला, म्हणजे काम करणाऱ्या कारागिराला, पहिली ताकीद तारखेची मिळते: चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, सगळे आटपायला हवे. मग एप्रिल-मेमध्ये फोडाफोड होते, आणि कपाटे भिंतीला लागतात ती नेमकी ऐन पावसात. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात दोन-तीन चवथी होईतो सिंकखालच्या फळीच्या कडा फुगतात, बिजागऱ्या गंजतात आणि दारे लागेनाशी होतात. पुन्हा खर्च. अशी घरे मी इतकी पाहिली आहेत की कमी पैशांत स्वयंपाकघर कसे सुधारावे, असे कोणी विचारले की मी आधी जुन्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगते. आपण काय सोडले आणि काय आणले, हे त्यातच कळते.

जुन्या गोमंतकीय हिंदू घरात स्वयंपाकघर मागल्या अंगाला, देवघराला धरून असे. सोवळ्याओवळ्यामुळे तिथे कोणालाही सहज शिरता येत नसे. आतले सगळे काम जमिनीलगत चाले. चूल जमिनीवर, आदोळी (विळी) जमिनीवर, रगडा जमिनीत बसवलेला, जेवायला पाट. बाई सकाळी एकदा बसली की भाजी चिरणे, नारळ खोवणे, हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, वाटण काढणे हे सगळे हाताच्या टप्प्यात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंतीतले कोनाडे हीच कपाटे. शिंक्यावर ताक-लोणी, माळ्यावर नारळ आणि सुकी लाकडे. चार महिन्यांचे पुरुमेंत, म्हणजे तांदूळ, मिरची, सोलां (आमसुले), सुकी मासळी, पाऊस लागण्याआधी आत आलेले असे. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जाई. त्याने वासे काळे होत, पण त्यांना कीडही लागत नसे. आणि कोपऱ्यात परसाकडे उतार दिलेली मोरी.

या खोलीतली एकही वस्तू पाण्याला भीत नव्हती. चिरा, काळा दगड, कुंभाराची मडकी, तांब्याची भांडी, फणसाच्या किंवा सागवानाच्या भरीव फळ्या. भिजल्या, सुकल्या, पुन्हा वापरात. याचा अर्थ ते स्वयंपाकघर सुखाचे होते असा मुळीच नाही. माझ्या आजीचे डोळे धुराने बाराही महिने लाल असायचे आणि उठता-बसता तिचा हात गुडघ्यावर जायचा. बांधणीतले शहाणपण आणि बाईचे कष्ट, दोन्ही त्या एकाच खोलीत होते.

गोव्याच्या सासष्टी-बार्देश तालुक्यांतल्या मोठ्या ख्रिस्ती घरांत चूल ओट्यावर चढलेली दिसते. तिथला स्वयंपाकघरासाठीचा ‘कुजीन’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आला. मिरची तर दोन्ही समाजांच्या रगड्यावर त्यांच्याचमुळे आली. १५१० नंतरच्या शतकांत दोन्ही घरांची चव अशी एकमेकांत मिसळत गेली.

पण ही झाली स्वतःचे घर असणाऱ्यांची गोष्ट. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराकडे स्वयंपाकघर म्हणजे मातीची एक चूल आणि दोन मडकी. उद्या घर सोडायला लागेल या भीतीत कोण चिऱ्याचा ओटा बांधणार? १९७५ साली मुंडकार संरक्षण कायदा झाला. मुंडकाराला हुसकावून लावता येईना आणि घराखालची व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला: गावात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात २०० पर्यंत. कज्जे पुढे कैक वर्षे रेंगाळले, आजही काही रेंगाळतात. तरीही गोव्यातल्या साध्या माणसाच्या पक्क्या स्वयंपाकघराचा पाया या कायद्याने घातला असे मी मानते. गृहसजावटीबद्दल लिहिताना त्याचे नाव कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

मोठ्या घरांची अडचण उलटी होती. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसाहक्कात मुलगे-मुली सगळ्यांचा वाटा असतो. त्यामुळे एकेका घराचे दहा-पंधरा धनी. छप्पर दुरुस्त करायचे तरी सगळ्यांना विचारायचे. ‘वेगळी चूल मांडणे’ हे आपण बोलण्यात वापरतो, पण या घरांत ते डोळ्यांनी दिसते: एका राजांगणाभोवती, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाभोवती, तीन स्वयंपाकघरे, एक मूळचे आणि दोन पडवीत किंवा कोठाराच्या खोलीत काढलेली. जागा कमी, भिंत पाडायची मुभा नाही, पैसा बेताचा. थोडक्यात भागवण्याची गोमंतकीय विद्या तिथेच वाढली.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. वीज आणि नळ हळूहळू गावोगाव पोहोचले. चुलीशेजारी रॉकेलचा स्टोव्ह आला आणि त्यानंतर गॅस. खरा बदल गॅसने केला, आणि तोही एका साध्या नियमाने: शेगडी सिलिंडरच्या वर असली पाहिजे. सिलिंडर जमिनीवर उभा, म्हणजे शेगडी कमरेइतकी उंच, म्हणजे ओटा हवा. ओटा आला तशी बाई उभी राहिली. विजेच्या मिक्सरने रगड्याला परसात लोटले. मग आदोळीवर बसण्यापुरते खाली कोण येणार? तिच्या जागी सुरी आणि फळी आली. हजारो बायकांची कामाची बैठक एका पिढीत बदलली, आणि ती बदलताना उंचीचा विचार बहुतेक ठिकाणी गवंड्याने केला, बाईने नाही.

त्या काळचा ओटा विटांचा किंवा चिऱ्याचा, वर कडप्पा. आंध्रातल्या कडपा भागातून येणारा हा काळा दगड स्वस्त, हळदीचा डाग सहज न दाखवणारा. खालच्या खणांत उभ्या फळ्याही कडप्प्याच्याच, पुढे पडदा किंवा जाळीची दारे. शहरी नजरेला तो ओटा गरीब वाटू लागला आणि त्याच्यावर ग्रॅनाईट आला. काही घरांत तर चांगला, शाबूत कडप्पा फोडून.

यानंतर आले मॉड्युलर, म्हणजे तयार कपाटांचे सुटे भाग जोडून केलेले स्वयंपाकघर. त्याचे मूळ जर्मनीत सापडते. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी स्वस्त घरांच्या वसाहती बांधल्या, तेव्हा मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईने १९२६ मध्ये त्यांचे स्वयंपाकघर आखले. जागा जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. आगगाडीच्या डब्यातल्या भटारखान्यावरून तिने कल्पना घेतली, बाईची पावले मोजली आणि सामानाला ठरलेल्या जागा दिल्या. तांदूळ, साखर यांसारख्या जिनसांसाठी ओढून काढता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे डबे होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसली. आज ज्याला आपण श्रीमंतीचे लक्षण समजतो ते जन्माने कामगाराच्या घरातले, काटकसरीचे होते.

आपल्याकडे ते १९९१ च्या उदारीकरणानंतर जोरात आले, सोबत पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, सनमायका आणि ट्रॉल्या घेऊन. मडगाव, वास्को, पणजीतल्या फ्लॅटमध्ये आधी, मग गावात. लाकडाचा भुसा दाबून केलेली पार्टिकल बोर्ड-एमडीएफची ही फळी कोरड्या घरात वर्षानुवर्षे टिकते. गोव्यात मात्र सिंकखाली, मासळी धुतलेल्या पाण्याच्या शेजारी ती टिकेल अशी अपेक्षाच चुकीची. खारी हवा स्वस्त स्टीलच्या जाळ्यांनाही सोडत नाही.

म्हणून हात आखडता असलेल्या माणसाला मी सांगते: जुना कडप्प्याचा ओटा पाडू नका. पाडणे, मलबा उचलणे, नळ-गटाराची जागा हलवणे, टाईल्स पुन्हा लावणे यांत बजेटचा मोठा घास जातो आणि डोळ्यांना त्यातले काही दिसत नाही. ओट्याखालच्या दगडी फळ्या हाच सांगाडा धरा आणि त्याला फक्त दारे व दोन-तीन ड्रॉवर बसवा. जिथे लाकूड लागेलच तिथे ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लायवुड, आणि तेही सगळीकडे नाही, पाण्याजवळ. बाकी ठिकाणी हलक्या प्रतीचे चालते. सिंकखाली अ‍ॅल्युमिनियम किंवा पीव्हीसीचे दार. जाळ्या आणि चॅनेल (ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्या) ३०४ दर्जाच्या स्टीलचे. दारांचा रंग पुढेमागे बदलता येतो, चॅनेल बदलायला कपाट उलगडावे लागते. पैसा चॅनेलवर घाला.

सध्याच्या आवडीनिवडीबद्दल थोडे. हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर सुट्टीपुरते येणाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये छान दिसते. रोज बांगडे तळणाऱ्या घरात मला ते पटत नाही, मधे सरकते काचेचे दार तरी हवे. निळ्या-पांढऱ्या आझुलेजू, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या टाईल्स, ओट्यामागे लावण्याची हौस वाढली आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या १९३५ च्या आझुलेजूंपुढे मी कितीही वेळ उभी राहू शकते, पण जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात मला त्या कधी दिसल्या नाहीत. तिथली शोभा कोनाड्याची होती. चिऱ्याची भिंत असेल तर तो कोनाडा आजही फुकट मिळणारे कपाट आहे, कृपा करून बुजवू नका. जुनी अवजारे कशी होती ते नव्या पिढीला दाखवायचे असेल तर बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात एक सकाळ घालवावी.

एक गोष्ट मात्र आपल्यापर्यंत पोहोचलीच नाही. फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघरात खिडकीसमोर काम करायला फिरते स्टूल होते. चिरणे-निवडणे बसून करायचे, हे आखणीतच धरलेले होते. जर्मनीतली बाई बसत होती, माझी आजीही बसत होती. आपल्या कॉपीतून नेमके स्टूल गळाले.

गेल्या वर्षी आईच्या स्वयंपाकघराचे काम काढले तेव्हा मेस्ताने ओट्याची नेहमीची ३४ इंच उंची धरली होती. आईला उभे करून तिच्या कोपरापासून खाली वीतभर मोजले तर तिला ३१ इंच पुरत होती. तीन इंच कमी करायला एक पैसाही जास्त लागला नाही. खिडकीखाली, फोडलेल्या मोरीचे चिरे वापरून, बसण्याइतका एक बुटका कट्टा बांधून घेतला. तिची आदोळी आता त्याच्यावर असते, आणि नारळ ती बसूनच खोवते.