जागेश्वरचे देवदार आणि आपले कुळीथ

भाताची झोडणी उरकली की कोकणात यात्रांच्या गाड्या भरू लागतात. पूर्वी काशी नाहीतर रामेश्वर; हल्ली आमच्या रत्नागिरीकडच्या वाड्यांत जागेश्वरचं नाव निघतं. उत्तराखंडच्या कुमाऊं भागातलं हे छोटंसं गाव अल्मोड्यापासून साधारण ३५ किलोमीटरवर, १,८७० मीटर उंचीवर आहे. जटागंगेचं अरुंद खोरं, उंच देवदार आणि त्यांच्या सावलीत शंभरावर दगडी देवळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले, फोटो मोबाइलवर फिरले आणि चौकशा सुरू झाल्या.

नाव मात्र आपल्याला अगदीच परकं नाही. दिवेलागणीला ज्योतिर्लिंगांचं स्तोत्र म्हणताना ‘नागेशं दारुकावने’ येतं. हे दारुकावन कुठलं? आपण औंढा नागनाथ म्हणतो, गुजरातेत द्वारकेजवळचा नागेश्वर दाखवतात, आणि कुमाऊंतले लोक म्हणतात की दारुक म्हणजे देवदार, तेव्हा नागेश आमचाच. हा वाद मिटणारा नाही, आणि मिटवायची घाईही कुणाला दिसत नाही.

देवळं एका काळातली नव्हेत. सातव्या शतकापासून पुढे कित्येक शतकं ती उभी राहत गेली. आधी कत्यूरी राजांच्या, नंतर चंद राजांच्या अमलात. मृत्युंजयाचं देऊळ सगळ्यांत जुन्यांपैकी. भिंतींवर आणि खांबांवर सातव्या ते दहाव्या शतकांतले लेख कोरलेले आहेत. शिखराच्या दर्शनी बाजूला मान वर करून पाहिलं तर हातात दंड घेऊन बसलेला लकुलीश दिसतो. कोकणातल्या माणसाने थबकावं ते इथे. लकुलीश म्हणजे पाशुपत शैवांचा आद्य गुरू. त्याचं स्थान गुजरातेतलं कारवण. त्याच पंथाच्या खुणा सहाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर घारापुरीला आणि जोगेश्वरीच्या लेण्यात उमटल्या. समुद्राच्या खारट वाऱ्यातलं लेणं आणि देवदारांतलं देऊळ एकाच गुरूला मानणाऱ्यांचं. आज आपण ज्याला ‘आडबाजूचं, शांत गाव’ म्हणून शोधत जातो, तिथे तेव्हा दूरदूरचे साधू येऊन राहत होते.

दुसरा धागा माणसांचा. आपला मूळपुरुष जयदेव पंत कोकणातून आला, असं कुमाऊंतली पंत घराणी परंपरेने सांगतात. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत (जन्म १८८७, अल्मोड्याजवळचं खूंट) आणि कौसानीचे कवी सुमित्रानंदन पंत ही त्यांतली ठळक नावं. आख्यायिका आहे, तिला आख्यायिकेइतकंच वजन द्यावं. पण आमच्या वाडीतले तात्या जागेश्वरला जेवायला बसले, ताटात नाचणीची भाकरी आली, वाटीत दाट तपकिरी डाळ आली. एक घास घेतला आणि ते काकूंकडे वळले, ‘‘अगो, हे तर कुळीथ!’’ खरंच होतं. तिकडे नाचणीला मडुवा म्हणतात आणि कुळथाला गहत. तात्यांच्या मते पंतांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. मला तसं वाटत नाही. हलक्या, उताराच्या जमिनीत जे पिकतं तेच डोंगरातला माणूस खातो, मग तो सह्याद्रीचा असो की हिमालयाचा. वाद घातला नाही. डाळ चांगली होती.

प्रवासाचं म्हणाल तर डोंगराच्या पायथ्याच्या काठगोदामला रेल्वे १८८४ मध्येच पोचली. आपल्या कोकणात ती सलग धावायला १९९८ उजाडलं. पुढे रस्ता. आर्तोल्याला मुख्य रस्ता सोडला की शेवटचे तीनेक किलोमीटर देवदारांतून जातात. मार्च २०२४ मध्ये हाच तुकडा रुंद करण्यासाठी सुमारे १,००० देवदारांवर खुणा झाल्या. गावकरी झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि सरकारला नव्याने पाहणीचे आदेश द्यावे लागले. मुंबई-गोवा महामार्गावरचे जुने वड आणि चिंचा आपल्या डोळ्यांदेखत गेल्या, तेव्हा आपण काय केलं ते ज्याचं त्याने आठवावं. जागेश्वरला दारुकावन हाच देवाचा पत्ता आहे. वन गेलं तर स्तोत्रातला दावा कशावर करणार?

देवळं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने दगडाला ऑइलपेंट लागलेला नाही, गाभाऱ्यात चकचकीत लाद्या नाहीत. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कौलं उतरवून स्लॅब टाकलेली आपल्याकडची देवळं पाहिलेल्याला हे फार जाणवतं.

जायचं तर एक लक्षात ठेवा. तिथली श्रावणातली जत्रा सौर महिन्याने चालते. जुलैच्या मध्यावर हरेला होतो, म्हणजे टोपलीत रुजवलेले कोंब कापून डोक्यावर ठेवायचे, आपल्या घटातल्या रुजवणासारखे. त्या दिवशी त्यांचा श्रावण लागतो. आपलं पंचांग बघून पहिल्या श्रावणी सोमवारी पोचाल तर त्यांची जत्रा बरीच पुढे गेलेली असेल.