टीममध्ये फीडबॅक: काय बोलायचं, कधी, आणि नंतर काय करायचं
(वागळे इस्टेट, रबाळे, महापे भागातल्या आमच्या ग्राहकांच्या सुपरवायझर व टीम लीडरसाठी)

फीडबॅक दिला की काम सुधारतंच, असं नाही. क्लुगर आणि डिनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये जुन्या अभ्यासांतले 607 निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी घसरली होती. बोलणं माणसावर घसरलं की त्याचं लक्ष कामातून उडतं, हे त्यांनी मांडलेलं कारण.

म्हणून 'तुमचं लक्षच नसतं' हे वाक्य बंद. त्याऐवजी: 'काल दुसऱ्या शिफ्टच्या चलनावर बॅच नंबर नव्हता, गाडी गेटवर तासभर अडकली. काय झालं होतं?' एवढं विचारून गप्प बसा. हा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि खरं कारण नेमकं तिथेच सापडतं: आधीच्या शिफ्टने रजिस्टर भरलेलं नसतं, किंवा प्रिंटर बंद असतो. मग पुढच्या वेळेसाठी एकच बदल ठरवा. तीन सांगितले तर तिन्ही राहतात.

शक्यतो त्याच दिवशी बोला, बाजूला घेऊन. शिफ्ट सुटताना नको. तेव्हा डोक्यात लोकल किंवा कंपनीची बस असते. धोका दिसला तर मात्र काम तिथल्या तिथे थांबवा, मग चारचौघांत का असेना. झालेल्या चुकीचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं सर्वांत वाईट. चूक कौतुकात गुंडाळूही नका, नाहीतर पुढच्या प्रत्येक शाबासकीनंतर माणूस 'पण'ची वाट बघतो.

विश्वास बसतो तो उलट दिशेच्या, म्हणजे टीमने तुम्हाला दिलेल्या, फीडबॅकने. 'काही अडचण?' विचारलं की 'नाही साहेब' हेच येणार. 'डिस्पॅचमध्ये माझ्यामुळे कुठे वेळ जातो?' असं विचारा. उत्तर वहीत लिहा: सूचना, कोण बघणार, कधीपर्यंत. आठ दिवसांत कळवा. नकार असेल तर कारणासकट. सूचना हवेत विरल्या की दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडत नाही. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीम तपासल्या. बोललं तर अंगाशी येणार नाही अशी खात्री असलेल्या टीम चुकांमधून जास्त शिकताना दिसल्या.

सुरुवातीला नोंदवलेल्या चुका वाढू शकतात. आधी लपणाऱ्या चुका आता वहीत येतात, म्हणून घाबरू नका. रिजेक्शन आणि परत आलेला माल यांचे आकडे वेगळे पाहा. आणि ही वही अप्रेझलच्या फाइलला जोडू नका. एकदा जोडली की दुसऱ्या दिवसापासून ती कोरी राहते.