अंडी यंत्रात ठेवल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत

आमचे इन्क्युबेटर घेतलेल्यांचे सर्वाधिक फोन विसाव्या आणि एकविसाव्या दिवशी येतात. आवाजात धाकधूक असते आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "काल रात्री अंड्याला टवका पडला, आतून चिवचिव ऐकू येते, पण पिल्लू काही बाहेर येत नाही. झाकण उघडून मदत करू का?" आम्ही सांगतो, करू नका. का नको, हे समजवायला फोनवरची पाच मिनिटे पुरत नाहीत, म्हणून हे पत्रक. कोणते बटण कशासाठी, ते यंत्राच्या पुस्तिकेत आहेच. इथे अंड्याच्या आत काय चालते ते सांगितले आहे, कारण ते एकदा कळले की यंत्र कसे हाताळायचे हे फारसे सांगावे लागत नाही.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा ती नुसती ऊब देत नाही. चोचीने अंडी उलटीसुलटी करते, कडेची अंडी पोटाखाली ओढते, मधली कडेला सारते, दाणापाण्यापुरती उठते आणि पुन्हा येऊन बसते. यंत्र ऊब देते. बाकीची तिची कामे तुमच्याकडे येतात. माणसाने ती फार पूर्वीपासून अंगावर घेतली आहेत. इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबवण्याची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. थर्मामीटर नसताना तिथले कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब पारखत.

अंडी कोणती घ्यावीत

ज्या कळपात कोंबडा आहे त्याच कळपातली अंडी घ्या. खाण्यासाठी विकली जाणारी अंडी बहुधा कोंबड्याविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती कितीही दिवस उबवली तरी त्यातून पिल्लू येणार नाही. अंडे मध्यम आकाराचे, नेहमीच्या घडणीचे आणि तडा नसलेले हवे. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, अंधारात टॉर्च लावला की लगेच दिसतो.

अंडे सात दिवसांच्या आतले असावे. त्यानंतर दर दिवसागणिक पिल्लू निघण्याची शक्यता कमी होत जाते. अंडी साठवायची तर १५ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास, निमुळते टोक खाली ठेवून. घरातला फ्रिज यासाठी फार थंड पडतो. थंड जागेतली अंडी थेट गरम यंत्रात ठेवू नका, त्यांच्यावर दव धरते आणि कवचाच्या छिद्रांतून ते जंतूंना आत घेऊन जाते. काही तास खोलीत राहू द्या, मग ठेवा. प्रवास करून आलेली अंडी १२ ते २४ तास निमुळते टोक खाली करून स्थिर ठेवावीत, म्हणजे आतली हलवाहलव शांत होते.

मळकी अंडी धुवायचा मोह होतो. कवचावर एक नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो धुण्याने निघून जातो. गार पाण्याने धुणे तर सगळ्यात वाईट: आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून घाण आत ओढली जाते. थोडीशी माती असेल तर कोरड्या कपड्याने हलकेच पुसा. फार मळलेले अंडे उबवायला घेऊच नका.

ऊब

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस. पंखा नसलेल्या यंत्रात हवा थरांत राहते, वर गरम आणि खाली गार, म्हणून तिथे अंड्यांच्या वरच्या बाजूच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश ठेवतात. आकड्याइतकीच मोजण्याची जागा महत्त्वाची आहे. थर्मामीटर यंत्राच्या छताशी टांगला तर तो अंड्यांची ऊब सांगत नाही, छताची सांगतो.

आमच्या सुरुवातीच्या एका खेपेत आम्ही नवा सेन्सर न तपासताच त्याच्यावर विश्वास टाकला. पडद्यावर ३७.५ दिसत होते, प्रत्यक्षात आत दीड अंश जास्त होते. पिल्ले एकोणिसाव्या दिवशीच बाहेर येऊ लागली. काहींची बेंबी नीट मिटलेली नव्हती, काहींची बोटे वाकडी होती, आणि बरीच अंडी पूर्ण वाढलेल्या पिल्लासह तशीच राहिली. तेव्हापासून आमच्याकडून प्रत्येक यंत्र तपासूनच बाहेर पडते, पण वाटेत धक्के बसतात, म्हणून तुम्हीही एकदा तपासा. ताप मोजायचा घरातला थर्मामीटर आणि यंत्रासोबतचा सुटा थर्मामीटर, दोन्हींची टोके एकाच भांड्यातल्या ३८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात धरा. दोन आकड्यांत जो फरक येईल तो कागदावर लिहून यंत्रावर चिकटवा. मग तो सुटा थर्मामीटर आत अंड्यांच्या पातळीला ठेवून पडद्यावरचा आकडा त्याच्याशी जुळतो का पाहा.

अंडी ठेवण्याआधी यंत्र २४ तास रिकामे चालवा. अंडी ठेवल्यावर आकडा खाली येतो आणि काही तास खालीच राहतो, कारण तेवढा सगळा गार ऐवज आधी तापायला हवा. इथे बरेच जण घाबरून तापमान वाढवतात, आणि रात्रीतून यंत्र प्रमाणाबाहेर तापते. आधी नीट लावलेले बटण तसेच राहू द्या. जरा कमी उबेने पिल्लू उशिरा येते. जास्त उबेने ते मरते. या दोन चुका सारख्या नाहीत.

फिरवणे

पिवळा बलक हलका, तो वर तरंगतो, आणि वाढणारा जीव त्या बलकाच्या माथ्यावर असतो. अंडे एकाच कुशीवर पडून राहिले तर तो जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि तिथेच वाढ थांबते. पहिल्या आठवड्यात हा धोका सर्वांत जास्त. म्हणून हाताने फिरवत असाल तर दिवसातून किमान तीन वेळा, पाच वेळा जमले तर उत्तम, आणि संख्या विषम ठेवा. रात्रीचा काळ सगळ्यात लांब असतो; विषम संख्येमुळे तो रोज एकाच कुशीवर जात नाही. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल शिसपेन्सिलीने काढा, शाईने नको. आपोआप फिरवणारे यंत्र असले तरी एक-दोन अंड्यांवर खूण करून ती खरोखर फिरतात का हे पहिल्या दिवशी बघा. अठराव्या दिवशी फिरवणे बंद.

ओलावा: आकड्यापेक्षा वजन बघा

आर्द्रतेबद्दल लोक सर्वाधिक गोंधळतात, म्हणून इथे थोडे थांबू. नेहमीचा सल्ला असा: पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के. सल्ला बरोबर आहे. पण आर्द्रता दाखवणारी स्वस्त उपकरणे बरीच चुकतात, आणि कवच जाड की पातळ यावरही पुष्कळ अवलंबून असते. अंडे स्वतः मात्र खोटे बोलत नाही.

कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यातून आतले पाणी हळूहळू वाफ होऊन जाते, आणि जेवढी जागा मोकळी होते तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. पिल्लाचा पहिला श्वास त्या पोकळीतलाच. पोकळी लहान राहिली तर पिल्लू पाण्याने फुगलेले राहते, त्याला वळायला जागा मिळत नाही आणि ते शेवटच्या टप्प्यावर गुदमरते. फार मोठी झाली तर पिल्लू सुकते, पापुद्रा त्याला चिकटतो. कोंबडीचे अंडे अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्क्यांनी हलके व्हायला हवे.

हे मोजणे सोपे आहे. स्वयंपाकघरातल्या ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या काट्यावर पाच अंडी पहिल्या दिवशी एकत्र तोला. समजा २५० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी तीच पाच अंडी २३८ च्या आसपास, चौदाव्या दिवशी २२६ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी २१९ च्या आसपास यायला हवीत. सातव्या दिवशी २४४ भरली तर आत फार दमट आहे, पाणी कमी करा. २३२ भरली तर कोरडे आहे, पाणी वाढवा. चौदा दिवसांपर्यंत ही चूक सावरता येते, म्हणूनच पहिल्या आठवड्याचे वजन आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते.

आणि पाणी वाढवायचे म्हणजे भांडे काठोकाठ भरायचे असे नव्हे. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, पाणी किती खोल आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. खोल वाटीपेक्षा पसरट ताटली कितीतरी जास्त ओलावा देते. ताटलीत ओला स्पंज ठेवला तर आणखी.

टॉर्च लावून बघणे

सातव्या दिवशी रात्री खोलीतले दिवे मालवा, मुठीत अंडे धरून रुंद टोकाला टॉर्च लावा. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मधोमध एक काळसर ठिपका, तो डोळा. जरा वेळ स्थिर धरलेत तर तो ठिपका हलतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा हात इथे हमखास थबकतो. थबकू द्या, पण मिनिटभरात अंडे परत आत ठेवा.

अंडे स्वच्छ पिवळसर दिसले, शिरा नाहीत, तर ते फळलेलेच नव्हते. शिरांऐवजी लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीलाच मेला आहे. दोन्ही बाहेर काढा. गडद तपकिरी कवचातून सातव्या दिवशी नीट दिसत नाही; शंका असेल तर दहाव्या दिवशी पुन्हा पाहा, घाईने फेकू नका. चौदाव्या दिवशी निम्म्याहून जास्त अंडे काळोखे दिसते. कुठल्याही अंड्याला वास आला किंवा ते पाझरू लागले तर ते तेव्हाच काढा, ते आत फुटले तर बाकी सगळी अंडी बाटतील.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी आडवी ठेवा, खाली खडबडीत जाळी किंवा कापड अंथरा, पाणी वाढवा, हवेची छिद्रे पूर्ण उघडा. पिल्ले आता पुष्कळ प्राणवायू घेतात. मग झाकण बंद, आणि ते बंदच राहू द्या.

विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू आतला पापुद्रा फोडून चोच हवेच्या पोकळीत घालते. फुप्फुसे पहिल्यांदाच चालू होतात, चिवचिव ऐकू येते ती इथून. मग चोचीच्या टोकावरच्या बारीक टणक उंचवट्याने ते कवचाला पहिला टवका पाडते. आणि थांबते. १२ तास, कधी १८, कधी जास्तही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते ते अडकले. प्रत्यक्षात पापुद्र्यातल्या शिरांमधले रक्त या वेळात पिल्लाच्या अंगात परत जात असते आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. या वेळी कवच सोलले तर शिरा फाटून रक्तस्राव होतो. जे पिल्लू सहा तासांनी आपणहून बाहेर आले असते ते मदतीने मरते. तयारी झाली की ते गोल फिरत रुंद टोकाभोवती कवच कापते आणि पायाने रेटून टोपी उडवते.

झाकण उघडण्याचा तोटा वेगळाच. दमट हवा क्षणात बाहेर जाते, टवका पडलेल्या अंड्यातला पापुद्रा वाळून पिल्लाभोवती आवळतो. एका पिल्लाला उचलायला उघडलेले झाकण बाकीच्या चार पिल्लांना महागात पडते. बाहेर आलेले पिल्लू ओलेगेले, केविलवाणे दिसते, पण त्याला घाई नाही. पोटातला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. अंग वाळून पिसे फुलेपर्यंत ते आतच राहू दे.

टवका पडून २४ तास उलटले, पुढे काहीच नाही, आणि दिसणारा पापुद्रा पिवळट, वाळलेला झाला आहे, एवढ्याच परिस्थितीत कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापुद्र्याच्या कडा ओल्या करा. चोचीवर पाणी जाऊ देऊ नका. रक्ताचा थेंब दिसला तर तिथेच थांबा. न फुटलेली अंडी तेविसाव्या दिवसापर्यंत ठेवून मगच काढा.

वीज गेली तर

झाकण उघडू नका, यंत्रावर जाड चादर टाका, पण हवेची छिद्रे मोकळी ठेवा. दोन-तीन तासांच्या खंडाने खेप वाया जात नाही. पिल्लू एखादा दिवस उशिरा येईल एवढेच. शेवटच्या आठवड्यात मोठी झालेली पिल्ले स्वतःचीच थोडी ऊब तयार करतात.

इतर पक्षी

जपानी लाव्याला १७ ते १८ दिवस, गिनी फाउलला २६ ते २८, टर्की आणि बदकाला २८, मस्कोव्ही बदकाला ३५. तापमान जवळपास तेच. फिरवणे मात्र शेवटच्या दिवसाच्या साधारण तीन दिवस आधी थांबवायचे.

बाहेर आल्यावर

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणारी जागा, आदल्या दिवशीच तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते, दिव्यापासून पळून कडेला हाशहुश करत असतील तर उकडते. सगळीकडे विखरून टिपत असतील तर ठीक. गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवू नका, पाय फाकतात. पाण्याचे भांडे उथळ हवे. लाव्याची पिल्ले असतील तर त्यात गोट्या टाका, ती बोटभर पाण्यातही बुडतात.

एक वही ठेवा. तारीख, तापमान, वजन, किती अंडी फळली, किती वाया गेली. फोन कराल तेव्हा ती समोर असू द्या. "काही पिल्ले निघाली नाहीत" एवढ्यावरून आम्हाला कारण सांगता येत नाही. "सातव्या दिवशी २४५ ग्रॅम, अठराव्या दिवशी २३१" असे सांगितलेत तर बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडते.