डेटाबेसमधल्या किमतींचं राउंडिंग आणि फॉरमॅटिंग

डेटाबेसमध्ये क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेने, काढलेली किंमत, म्हणजे दर गुणिले नग, त्यातून डिस्काउंट वजा, वर टॅक्स, ही बऱ्याचदा दशांशचिन्हापुढे चार-पाच आकडे घेऊनच बाहेर पडते आणि बिलावर तर सहसा दोनच छापायचे असतात. हा आकडा ठरलेल्या दशांश स्थळांवर आणणं म्हणजे राउंडिंग, आणि त्याला चलनाचं चिन्ह, स्वल्पविराम, मागची शून्यं लावून दाखवणं म्हणजे फॉरमॅटिंग. राउंडिंगने किंमत खरोखर बदलते, फॉरमॅटिंगने फक्त तिचं दिसणं बदलतं, आणि या दोघांची सरमिसळ केली की हिशोबात घोळ ठरलेलाच.

सुरुवात कॉलमच्या टाइपपासून, म्हणजे त्या रकान्यात कुठल्या प्रकारचा आकडा ठेवायचा यापासून होते. फ्लोट किंवा डबल टाइप आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतात आणि ०.१ सारखा साधा आकडाही तिथे तंतोतंत बसत नाही. १.००५ डबलमध्ये टाकला तर आत प्रत्यक्षात १.००४९९९९... असं काहीतरी साठतं, मग दोन स्थळांवर आणताना १.०१ येईल म्हणून वाट बघायची आणि हातात येणार १.००. म्हणून किमतीला दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा डेसिमल किंवा न्यूमेरिकच वापरायचा, यात माझ्या मते चर्चेला जागाच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर स्थळं सांगून राउंड करायचं असेल तर न्यूमेरिकच द्यावा लागतो, डबलसाठी असं फंक्शनच नाही म्हणून सरळ एरर येते. पूर्णांक भागाकाराचंही बघा, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये १५/१०० चं उत्तर दशांश भाग टाकून देऊन शून्य येतं, त्यामुळे १५ टक्के डिस्काउंट गुपचूप गायब होतो. मायएसक्यूएलमध्ये मात्र ०.१५०० मिळतं.

बरोबर मध्यावरचा आकडा कुठे ढकलायचा यालाही एकच नियम नाही. मायएसक्यूएल, ओरॅकल, पोस्टग्रेस हे सगळे डेसिमल टाइपवर शून्यापासून लांब ढकलतात, म्हणजे २.५ चे ३ आणि उणे २.५ चे उणे ३. बँकर्स राउंडिंगमध्ये जवळच्या सम आकड्याकडे जातात, २.५ चे २ पण ३.५ चे ४. अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये गंमत अशी की राउंड फंक्शन बँकर्स पद्धतीने चालतं आणि फॉरमॅट फंक्शन शाळेतल्या पद्धतीने, त्यामुळे एकाच २.५ चे एकाकडून २ आणि दुसऱ्याकडून ३ येतात. काहीजण अर्धा मिळवून फ्लोअर, म्हणजे खालचा पूर्णांक, घेतात, ते धन आकड्यांना चालतं पण उणे २.५ चे उणे २ होतात आणि परताव्याची रक्कम मूळ बिलाशी जुळत नाही.

पुढचे आकडे नुसते कापून टाकणं तर आणखी वाईट कारण चूक कायम एकाच दिशेला जाते. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ साली १००० वर सुरू झाला, प्रत्येक बदलानंतर तीन स्थळांपुढचं कापत गेले आणि नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास उतरला; नीट मोजल्यावर निघाला १०९८!

राउंड कधी करायचं हा खरा वादाचा मुद्दा. ०.३३५ च्या तीन ओळी घ्या, प्रत्येक ओळ राउंड केली तर ०.३४ प्रमाणे १.०२, आणि आधी बेरीज केली तर १.००५ म्हणजे १.०१. दोन्ही पद्धती वापरात आहेत, एक ठरवून सगळीकडे तीच पाळली म्हणजे झालं, फक्त ग्राहकाला ओळी छापून दिसत असतील तर ओळीवर राउंड केलेलं बरं, कारण तो बेरीज करून बघणारच. रक्कम वाटून द्यायची असेल तर, म्हणजे १०० चे तीन भाग, तर ३३.३३ तीनदा घेऊन उरलेला ०.०१ कुठल्यातरी एका भागात घालावा लागतो. आणि दोन स्थळं सगळ्या चलनांना लागू नाहीत. आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे येनला शून्य, कुवेती दिनारला तीन.

फॉरमॅटिंग सगळ्यात शेवटी, शक्यतो रिपोर्टमध्ये किंवा स्क्रीनवर, कारण फॉरमॅट केलं की आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होते. मग क्रम लावताना १,००० हा २०० च्या आधी येतो, आणि मायएसक्यूएलमध्ये '१,२३४.५०' ही इंग्रजी आकड्यांतली स्ट्रिंग बेरजेत घातली तर स्वल्पविरामापाशी थांबून फक्त १ धरला जातो, वॉर्निंग येते पण ती बघतो कोण. पोस्टग्रेसच्या टू-चार या फॉरमॅट करणाऱ्या फंक्शनमध्ये दिलेल्या नमुन्यात मावेल त्यापेक्षा आकडा मोठा निघाला तर किमतीच्या जागी ###.## छापून येतं, म्हणून नमुना लिहिताना डावीकडे दोन-चार घरं जास्तीची ठेवतात.