जंगल सरकारचं, काजू पावणीचे: गोव्यातल्या रानाची मागची गोष्ट

गोव्यात साठ टक्के जंगल आहे, असं कुणीतरी दर सहा महिन्यांनी सांगतं आणि सगळे खूश होतात. आकडा खोटा नाही. 2021 च्या देशपातळीवरच्या वन अहवालात गोव्याच्या 3702 चौरस किलोमीटरपैकी 2244 चौ.कि.मी. वर वनाच्छादन दाखवलंय. पण त्या मोजणीत एक हेक्टरपेक्षा मोठ्या तुकड्यावर दहा टक्के झाडोरा सॅटेलाइटला दिसला की झालं, ती जागा कुणाची आणि झाड कुठलं हे बघतच नाहीत. म्हणजे तुमचं सुपारीचं कुळागर, शेजाऱ्याची काजूची बाग, माडांचं भाट, सगळं त्यात. खरं सरकारी वन सुमारे 1224 चौ.कि.मी., त्यातलं साधारण 755 अभयारण्यं आणि नॅशनल पार्कमध्ये. बाकी हजारभर चौरस किलोमीटर हिरवळ लोकांच्या, कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामाईक), देवस्थानांच्या जागेत आहे, आणि गोव्यात जंगलावरून जेवढी भांडणं झाली त्यातली बरीचशी या दोन आकड्यांच्या मधल्या जागेतली.

आता थोडं मागे जाऊया. पोर्तुगीजांकडे पहिली अडीचशे वर्षं मुळात फार जंगल नव्हतंच. तिसवाडी, बार्देश, साष्टी हा किनारपट्टीचा भाग, तिथे शेती, माड आणि मिठागरं. डोंगराळ सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आले, ज्याला आपण नव्या काबिजाती म्हणतो. लाकडाची गरज मात्र त्याआधीपासून होती कारण जहाजं बांधायची होती. सागवानी लाकूड समुद्राच्या पाण्यात टिकतं हे त्यांना पक्कं माहीत होतं, दमणमध्ये बांधलेलं आणि 1843 साली पाण्यात उतरवलेलं ‘दों फेर्नांदो’ हे लढाऊ जहाज नगर हवेलीच्या सागापासून केलेलं आणि ते आजही लिस्बनजवळ उभं आहे. तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याचं रान हाती आल्यावर सरकारला त्यात आधी लाकूड दिसलं, नंतर महसूल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जंगलासाठी वेगळा कारभार सुरू झाला.

पण त्या रानात माणसं होती ना. वेळीप, गावडे, कुणबी डोंगराच्या उतारावर कुमेरी करायचे, म्हणजे झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि त्या राखेत नाचणी, वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जायचं आणि जुनी जागा परत रानाला द्यायची. सरकारी नजरेनं ही लाकडाची नासाडी, त्यामुळे बंधनं वाढत गेली. सत्तरीत वरून आणखी मोकाशांचा, म्हणजे सरदारांना इनाम दिलेल्या गावांचा गुंता, गावच्या गावं राणे घराण्याच्या मोकाशात, कसणारा एक आणि कागदावर दुसराच. राण्यांची बंडं झाली, 1852 मध्ये दीपाजी राणे, नंतर कुष्टोबा, 1895 मध्ये दादा राणे. त्या बंडांची कारणं अनेक होती, एकट्या जंगलावर ती लादता येणार नाहीत, पण जमिनीवर हक्क कुणाचा हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही एवढं नक्की.

याच सगळ्यात देवाची राय, म्हणजे देवराई, मात्र टिकली. सत्तरीत बांबरची निरंकाराची राय बघा, जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, मुळं गुडघ्यासारखी पाण्यावर आलेली. तिथे फॉरेस्ट गार्ड असो नसो, फांदी मोडायला कुणी धजत नाही.

1961 ला मुक्ती झाली आणि मागोमाग भारताचा 1927 चा वन कायदा आला, 1964 चे गोवा-दमण-दीव वन नियम आले. कायदा ब्रिटिशांनी केलेला, तोही वनखात्याच्या महसुलाच्या हिशोबानं, आणि तो पोर्तुगीजांच्या मोडक्यातोडक्या नोंदींवर बसवला. ज्या डोंगरावर आजोबा कुमेरी करायचे तो आता ‘सरकारी’ झाला. कुमेरीला पूर्ण आळा बसला आणि लोक काजूकडे वळले, कारण काजू एकदा लावला की मूळ धरतो, राखण कमी लागते, आणि झाड उभं असेल तर जागा आपली म्हणायला काहीतरी पुरावा असतो. मला तरी वाटतं सत्तरीतल्या काजूची खरी सुरुवात शेतीपेक्षा या भीतीत आहे.

काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारनेच त्याचं जंगल केलं हे कमी लोकांना माहीत. मुक्तीनंतर वनखात्यानं ओसाड डोंगरांवर काजू, नीलगिरी, पुढे खाणींच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली. रबरही लावलं. नंतर 1997 मध्ये गोवा वन विकास महामंडळ आलं आणि काजूच्या सरकारी बागा त्याच्याकडे गेल्या. लॉट पाडायचे, पावणी म्हणजे लिलाव करायचा, ज्याची बोली जास्त त्याला बाग. इतर राज्यांत सरकारचा वनउद्योग म्हटला की लाकूड, कागद, प्लायवूड आठवतं. गोव्यात मात्र सरकारचा वनउद्योग म्हणजे मुख्यतः बिया आणि बोंडू. बोंडू (काजूचं फळ) मळून नीरो, म्हणजे रस काढायचा, भट्टी लावायची, पहिली धार हुर्राक, पुढे फेणी. त्यासाठी अबकारी खातं वेगळे झोन पावणीला काढतं, म्हणजे बियांची पावणी एका खात्याची आणि दारूची दुसऱ्या. फेणीला 2009 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. बियांना आधारभूत किंमत 2023 साली 125 वरून 150 रुपये किलो केली. ही मदत खरोखर उपयोगाची आहे, त्यात वाद नाही.

वाद दुसराच आहे. जंगल राखणारा आणि जंगलातून पैसे काढणारा एकाच सरकारी घरातला असेल तर दोन्हींपैकी कुठल्या कामात तो मन लावेल?

आणि इथंच गोव्याची एक गंमत आहे, जी मागे वळून बघितली की लक्षात येते. जंगल वाचवण्याचे मोठे निर्णय आपल्या निवडून आलेल्या सरकारांनी फार कमी घेतलेत. 1960 च्या दशकाच्या शेवटी मोले, बोंडला, खोतीगाव अभयारण्यं झाली आणि 1984 साली वृक्षतोडीवर कायदा झाला, हे श्रेय द्यायलाच हवं. त्यानंतर? 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात सांगितलं की जमीन कुणाची का असेना, जंगल म्हणजे जंगल, आणि जंगलातल्या विनापरवाना आरागिरण्याही बंद करायला लावल्या. मग गोव्यात खाजगी जंगल शोधायला सावंत समिती आली, नंतर करापूरकर समिती. निकष काय, तर पंचाहत्तर टक्के वन्य जातीची झाडं, चाळीस टक्के झाडोरा आणि निदान पाच हेक्टर. त्यावरून बिल्डर, जमीनमालक आणि पर्यावरणवाले यांची भांडणं अनेक वर्षं कोर्टात चालली.

1999 मध्ये तर काय झालं, राष्ट्रपती राजवट होती, राज्यपाल लेफ्टनंट जनरल जे.एफ.आर. जेकब, आणि त्या काळात म्हादई (208 चौ.कि.मी.) आणि नेत्रावळी (211 चौ.कि.मी.) ही दोन अभयारण्यं जाहीर झाली. म्हणजे विधानसभा झोपलेली असताना गोव्याचा सगळ्यात मोठा जंगल निर्णय झाला. कर्नाटकाच्या भीमगडापर्यंतचा पट्टा त्यामुळे जोडला गेला. पण आतल्या गावांना विचारायचं राहूनच गेलं, आणि ती खुन्नस अजून आहे. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत चार वाघ विष घालून मारले गेले. मारणाऱ्यांचं समर्थन नाही, पण गुरं गेली तर भरपाई कधी मिळणार आणि आपलं घर उद्या आपलं राहणार का हे माहीत नसलेला माणूस वाघाकडे कसा बघेल, सांगा.

2003 मध्ये गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, 2006 चा वनहक्क कायदा आला आणि मग दावे आले, दहा हजारांच्या आसपास. सनदा, म्हणजे हक्काची कागदपत्रं, मात्र मुंगीच्या पावलांनी. ग्रामसभेला कोरम नाही, सर्व्हे झाला नाही, नकाशा जुळत नाही, ही कारणं ऐकून लोकांचे कान किटले. मेळावलीला आयआयटीसाठी जी जागा ‘सरकारी’ म्हणून दाखवली तिथे लोकांच्या काजूच्या बागा होत्या, जानेवारी 2021 मध्ये लाठ्या चालल्या आणि शेवटी प्रकल्प रद्द झाला.

मोलेचंही तसंच. रेल्वेचं दुपदरीकरण, रुंद महामार्ग आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकाच जंगलातून, 2020 मध्ये चांदरला लोक रात्री रुळावर बसले, आणि मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेची वन्यजीव मंजुरी काढून घेतली. निर्णय परत कोर्टाचाच. 24 जुलै 2023 ला हायकोर्टानं म्हादई आणि लगतच्या अभयारण्यांना तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प करा असं सांगितलं, तर राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, लोकांना हलवावं लागेल हे कारण देऊन. ज्या लोकांच्या सनदा देता आल्या नाहीत, त्यांच्याच नावानं.

मध्ये नारळाचं एक प्रकरण झालं, 2016 मध्ये नारळाला वृक्षांच्या यादीतून काढलं, म्हणजे माड तोडायला परवानगी लागणार नाही, एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच वर्षी परत घेतलं. हसावं की रडावं कळत नाही.

2023 चा मार्च आठवतो? म्हादईत आग लागली, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्या घेऊन आली. कुणी म्हणालं काजूच्या बागा साफ करायला पाला जाळला तो पसरला, कुणी म्हणालं मुद्दाम लावली. सत्तरीतल्या वाळपईच्या बाजारात त्याच आठवड्यात बिया विकायला आलेले लोक वर धुराकडे बघत होते आणि आपला लॉट कुठल्या अंगाला आहे हे एकमेकांना विचारत होते.